डोळ्यांनी, कानांनी की हातांनी?

तुमच्या वर्गात असा एक तरी मुलगा किंवा मुलगी असेलच. खो-खोच्या मैदानावर तिला कोणी हात लावू शकत नाही. कबड्डीत तिची चढाई पाहायला शेजारच्या शाळेतली मुले येतात. पण भूमितीचा तास सुरू झाला की ती मागच्या बाकावर जाऊन बसते. पूर्वी अशा मुलांबद्दल लोक गमतीने म्हणत, "हिचं डोकं पायांत आहे." आता तेच वाक्य थोड्या शास्त्रीय पोशाखात ऐकू येते: "ती करून शिकणाऱ्यांपैकी आहे. वाचून किंवा ऐकून तिला काही यायचं नाही."

हे वाक्य सहानुभूतीने उच्चारलेले असते, म्हणून ते अधिक खोल रुजते. हळूहळू ती मुलगीही ते खरे मानू लागते. पुस्तक उघडण्यापूर्वीच तिने ते मनाने मिटलेले असते.

तेव्हा हे वाक्य खरे आहे की नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रत्येक माणसाची शिकण्याची एक ठराविक रीत असते काय? आणि ती ओळखून त्याच रीतीने शिकविले तर तो अधिक चांगले शिकतो काय? खेळाच्या मैदानावर या प्रश्नाचे उत्तर शोधणे विशेष सोयीचे आहे. चेंडू वर्तुळात पडला की नाही, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येते.

अध्ययनशैली म्हणजे काय?

शिकण्याच्या रीतीला शिक्षणशास्त्रात 'अध्ययनशैली' असे नाव आहे. या शैलींची वर्गवारी अनेकांनी केली. त्यांपैकी सर्वांत गाजलेली वर्गवारी न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांची. पूर्वी शाळा-निरीक्षक असलेल्या फ्लेमिंग यांना असा प्रश्न पडला होता की, काही शिक्षकांचे शिकविणे काही मुलांपर्यंत पोहोचते आणि काहींपर्यंत पोहोचत नाही, असे का व्हावे? पुढे लिंकन विद्यापीठात काम करीत असताना त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि १९९२ साली कॉलीन मिल्स यांच्यासह ती प्रसिद्ध केली. तिच्यात चार प्रकार मानले आहेत: चित्रे व आकृत्या पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि प्रत्यक्ष करून शिकणारे. या चार प्रकारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'वार्क' प्रश्नावली म्हणतात.

प्रश्न साधे असतात. नवे यंत्र घरी आणले तर तुम्ही आधी काय कराल? माहितीपत्रक वाचाल, कोणाला विचाराल, आकृती पाहाल की बटणे दाबून पाहाल? उत्तरांवर खुणा करायच्या आणि शेवटी बेरीज करायची.

शारीरिक शिक्षण आणि क्रीडाप्रशिक्षण घेणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांकडून अशा प्रश्नावल्या अनेक देशांत भरून घेण्यात आल्या आहेत. त्यांतील पुष्कळजण 'करून पाहीन' या उत्तरावर खूण करतात, यात नवल ते काय? ज्याला धावण्या-उड्या मारण्याची आवड आहे, तोच त्या अभ्यासक्रमाला जातो. शिवाय पुष्कळांच्या खुणा एकाच प्रकारात न पडता दोन-तीन प्रकारांत वाटल्या जातात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु येथेच एक निसरडी पायरी आहे. प्रश्नावली आपल्याला माणसाची आवड सांगते. कशाने त्याला अधिक येईल, हे ती सांगत नाही. एखाद्याला जिलेबी आवडते, एवढ्यावरून जिलेबी त्याला अधिक मानवते असे कोणी म्हणेल काय? खुद्द फ्लेमिंग यांनीही आपली प्रश्नावली पसंती दाखविते, बलस्थान दाखवीत नाही, असाच खुलासा केला होता. पण वापरणाऱ्यांनी हा खुलासा मागे टाकला आणि पसंतीलाच क्षमता मानले.

या कल्पनेचा प्रसार किती झाला आहे, ते पाहा. २००४ साली फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये शोध घेतला, तेव्हा त्यांना शैलींच्या तब्बल ७१ निरनिराळ्या वर्गवाऱ्या सापडल्या. २०१२ साली ब्रिटन व नेदरलँड्समधील शिक्षकांची पाहणी झाली. तीत १०० पैकी ९० हून अधिक शिक्षकांनी असे मत दिले की, विद्यार्थ्याच्या आवडत्या शैलीत शिकविले की तो अधिक चांगला शिकतो.

एवढे लोक मानतात म्हणून ती गोष्ट खरी ठरते काय? विज्ञानात मते मोजून निकाल लागत नाही. प्रयोग करावा लागतो.

प्रयोग कसा असावा?

समजा, आपल्याकडे दोन प्रकारचे विद्यार्थी आहेत: 'पाहणारे' आणि 'ऐकणारे'. पाहणाऱ्यांना चित्रे दाखवून शिकविले आणि त्यांना चांगले गुण मिळाले. एवढ्याने काय सिद्ध झाले? काहीच नाही. कदाचित तो धडाच चित्रांनी समजण्याजोगा असेल आणि ऐकणाऱ्यांनाही चित्रांनीच अधिक गुण मिळाले असते!

म्हणून खरी कसोटी अशी हवी. पाहणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकाला चित्रांनी शिकवावे, दुसऱ्याला बोलून. ऐकणाऱ्यांचेही तसेच दोन गट करावेत. शेवटी चारही गटांची परीक्षा एकच घ्यावी. पाहणारे चित्रांनी अधिक शिकले आणि त्याच वेळी ऐकणारे बोलण्याने अधिक शिकले, तरच शैलीची कल्पना खरी म्हणता येईल. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एकच पद्धत अधिक मानवली, तर त्याचा अर्थ एवढाच की ती पद्धत चांगली होती.

२००८ साली अमेरिकेतील हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनिअल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी याच कसोटीवर तोपर्यंतचे संशोधन घासून पाहिले. शैलींवरचे लेखन डोंगराएवढे होते, पण या कसोटीला उतरणारे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच निघाले आणि त्यांतलेही बरेच शैलीच्या कल्पनेच्या उलट बोलत होते. शैलीप्रमाणे शिकविण्यावर वेळ व पैसा खर्च करावा असा पुरावा उपलब्ध नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे २०१५ साली बेथ रोगोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या १२१ प्रौढांवर प्रयोग केला. काहींना मजकूर ऐकविला, काहींना तोच वाचायला दिला. ऐकण्याची आवड असणाऱ्यांना ऐकण्याने आणि वाचण्याची आवड असणाऱ्यांना वाचण्याने अधिक आकलन होते, असे काही दिसले नाही.

याचा अर्थ सर्व माणसे सारखी असतात असा मात्र नाही. कोणाची उंची जास्त असते, कोणाला पूर्वीचा सराव असतो, कोणाला नीट ऐकू येत नाही. हे फरक खरे आहेत आणि शिक्षकाने त्यांची दखल घेतलीच पाहिजे. खोटी ठरते ती एवढीच समजूत की, प्रत्येकाच्या मेंदूला ज्ञानाचा एकच दरवाजा असतो.

एकच सर्व्हिस, तिन्ही दरवाजे

बॅडमिंटनची सर्व्हिस शिकताना काय घडते ते पाहू. शटल कोणत्या उंचीवरून जाते आणि कोठे पडते, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. शटल रॅकेटच्या मध्यावर लागले की कडेला लागले, हे कानाला आवाजावरून कळते. मनगट किती वळले आणि पकड सैल होती की घट्ट, हे हातालाच जाणवते. आता कोणी म्हणाले, "मी ऐकणाऱ्यांपैकी आहे, मला सर्व्हिस बोलून शिकवा," तर आपण हसू. कोणत्या इंद्रियाचा उपयोग करायचा हे शिकणाऱ्याच्या आवडीपेक्षा शिकायच्या वस्तूवर अधिक अवलंबून असते. नकाशा पाहावाच लागतो, राग ऐकावाच लागतो आणि पोहायला पाण्यात उतरावेच लागते.

शिवाय शिकण्याच्या टप्प्याप्रमाणे गरज बदलते. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात शिकणारा मनात शब्द जुळवीत असतो: 'डावा पाय पुढे, रॅकेट मागे, आता सोड.' येथे सांगणे आणि दाखविणे फार उपयोगी पडते. दुसऱ्या टप्प्यात तो करून पाहतो, चुकतो आणि चूक कमी करीत जातो. तिसऱ्या टप्प्यात हालचाल जवळजवळ आपोआप होते. सायकल चालविताना आपण पायांचा विचार करीत नाही, तसे. म्हणजे एकच मुलगी एका महिन्यात 'ऐकणारी', 'पाहणारी' आणि 'करणारी' अशी तिन्ही असू शकते.

तर मग शिकणे कमी-अधिक होते ते कशामुळे? याचे एक उत्तर मिळते सरावाच्या मांडणीत. आणि ते उत्तर मोठे विस्मयकारक आहे.

बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस

१९८६ साली सिनाह गूड आणि रिचर्ड मॅगिल या संशोधकांनी अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. बॅडमिंटन कधी न खेळलेल्या ३० तरुणींना त्यांनी तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकविल्या: जाळ्याजवळ पडणारी आखूड, मागच्या रेषेपर्यंत जाणारी लांब आणि सपाट व वेगाने जाणारी ड्राइव्ह. आठवड्यातून तीन दिवस, असा तीन आठवडे सराव झाला. दररोज प्रत्येकीने ३६ सर्व्हिस मारल्या. म्हणजे एकूण ३२४, आणि प्रत्येक प्रकारच्या १०८.

सराव सर्वांना सारखाच होता. फरक होता तो क्रमात. एका गटाने एका दिवशी एकच प्रकार घोटला. आज सगळ्या आखूड, पुढच्या दिवशी सगळ्या लांब, त्यापुढच्या दिवशी सगळ्या ड्राइव्ह. याला आपण 'सलग सराव' म्हणू. दुसऱ्या गटाने तिन्ही प्रकार ठराविक क्रमाने आळीपाळीने मारले. तिसऱ्या गटाला मात्र कोणता प्रकार केव्हा येईल याचा नेम नव्हता. एक लांब, मग एक आखूड, मग ड्राइव्ह, पुन्हा आखूड. याला 'सरमिसळ सराव' म्हणू.

सराव संपल्यावर चाचणी झाली. सरमिसळ सराव केलेला गट सलग सराव केलेल्या गटापेक्षा सरस ठरला. त्यानंतर आणखी एक कसोटी घेण्यात आली. आतापर्यंत सर्वांनी सर्व्हिस कोर्टाच्या उजव्या भागातून मारली होती. आता ती डाव्या भागातून मारायची. सरमिसळ गटाने येथेही आपले कौशल्य राखले. सलग गट मात्र कोलमडला. नव्या जागेवरून त्यांची कामगिरी जवळजवळ तीन आठवड्यांपूर्वी होती तेवढीच झाली!

शिकलेली गोष्ट नव्या परिस्थितीत वापरता येणे, याला 'अध्ययनाचे संक्रमण' म्हणतात. खेळात त्याचेच तर मोल आहे. सामन्यात प्रतिस्पर्धी काही आपल्याला ३६ वेळा एकच सर्व्हिस मारू देत नाही.

हे नवशिक्यांचे झाले. मुरलेल्या खेळाडूंचे काय? १९९४ साली केली हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या बेसबॉल खेळाडूंवर प्रयोग प्रसिद्ध केला. बेसबॉलमध्येही क्रिकेटसारखेच निरनिराळे चेंडू येतात: वेगवान, वळणारा आणि फसवा संथ. खेळाडूंचे तीन गट केले. दोन गटांना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या सरावाखेरीज ४५ जादा चेंडू खेळविले. एका गटाला १५ वेगवान, मग १५ वळणारे, मग १५ संथ असे सलग. दुसऱ्याला तेच ४५ चेंडू मिसळून. तिसऱ्या गटाला जादा सराव नव्हता. शेवटच्या चाचणीत तिसऱ्या गटाचे चांगले फटके सुमारे ६ टक्क्यांनी वाढले होते, सलग गटाचे सुमारे २५ टक्क्यांनी आणि सरमिसळ गटाचे सुमारे ५७ टक्क्यांनी. चेंडू तेवढेच, वेळ तेवढाच, पण लाभ दुपटीहून अधिक!

आपल्याकडे क्रिकेटच्या नेटमध्ये पुष्कळदा काय चालते? आज अर्धा तास फक्त फिरकी, उद्या अर्धा तास फक्त वेगवान. यावर विचार करायला हरकत नाही.

असे का होते?

याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. सलग सरावात पहिला फटका नीट बसला की दुसरा फटका म्हणजे पहिल्याची नक्कल असते. हात तेच पुन्हा करतो, मेंदूला नव्याने काही जुळवावे लागत नाही. सरमिसळ सरावात मात्र आखूड सर्व्हिसनंतर लांब सर्व्हिस मारली की आखूडची जुळणी मोडते. पुन्हा आखूड मारायची तर ती स्मृतीतून शोधून काढून नव्याने उभी करावी लागते. हे 'शोधून काढणे' हेच शिकण्याचे मर्म आहे, असे एक स्पष्टीकरण सांगते.

दुसरे स्पष्टीकरण असे की, तीन प्रकार शेजारी शेजारी आले की त्यांतला फरक लक्षात येतो. गहू, ज्वारी आणि बाजरी वेगवेगळ्या दिवशी पाहण्यापेक्षा एका ताटात मांडून पाहिले तर त्यांतला भेद लवकर कळतो, तसेच हे आहे. ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परांच्या आड येत नाहीत.

ब्यॉर्क यांनी अशा अडथळ्यांना जे नाव दिले, त्याचे मराठी 'हितकारक अडचणी' असे करता येईल. मळवाट सोडून चढणीने गेले तर दम लागतो, पण पाय त्यानेच बळकट होतात.

आपलेच मन आपल्याला फसविते

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. सरमिसळ सराव करताना कसे वाटते? वाईट वाटते! चुका जास्त होतात. 'आज काहीच जमत नाही' असे वाटते. सलग सरावात मात्र दहाव्या फटक्यापासून सारे सुरळीत होते आणि 'आले मला' असे समाधान मिळते.

२००१ साली डॉमिनिक सायमन आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी हे समाधान तपासून पाहिले. ठराविक वेळेत ठराविक क्रमाने कळा दाबण्याचे काम त्यांनी काहींना सलग आणि काहींना सरमिसळ शिकविले. मग विचारले, "उद्या तुम्हाला हे किती जमेल?" सलग गटाचे अंदाज उत्साहाचे होते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सरमिसळ गटाने बाजी मारली.

त्याआधी १९७८ साली ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. या कर्मचाऱ्यांना टंकलेखनासारखा कळफलक शिकायचा होता. काहींना रोज एकच तास शिकविले, तर काहींना रोज दोनदा दोन-दोन तास. रोज एक तास शिकणाऱ्यांना कळा शिकायला एकूण सुमारे ३५ तास लागले आणि चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५० तास. पण आपल्या शिक्षणाबद्दल सर्वांत नाखूश कोण होते? रोज एक तास शिकणारे! दिवस जास्त लागत होते, म्हणून आपण मागे पडलो असे त्यांना वाटत होते.

आता प्रश्नावलीकडे परत या. 'तुम्हाला कसे शिकायला आवडते?' असे ती विचारते. पण आपल्या शिकण्याचा आपला स्वतःचा अंदाज जर एवढा चुकीचा असेल, तर त्या उत्तरावर भविष्य कसे बांधायचे? जे सुखकर वाटते तेच उपयोगी असते, असे नाही.

मर्यादाही जाणून घ्या

परंतु एका समजुतीतून सुटून दुसरीत अडकायला नको. सरमिसळ सराव ही काही जादूची कांडी नव्हे. प्रयोगशाळेतील सोप्या कामांत त्याचा परिणाम ठळक दिसतो. प्रत्यक्ष मैदानावरच्या अवघड कौशल्यांत तो पुष्कळदा कमी दिसतो, कधी कधी दिसतही नाही. ज्याला अजून रॅकेट धरता येत नाही त्याला पहिल्याच दिवशी तीन सर्व्हिसच्या गोंधळात टाकणे शहाणपणाचे नाही. आधी हालचालीची ओळख होईपर्यंत सलग सराव आणि मग हळूहळू मिसळ, हा मार्ग बरा.

लहान मुलांना मात्र निराळ्या प्रकारे विविधता मानवते, असे १९७८ साली रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांना दिसले. त्यांनी आठ वर्षांच्या मुलांना लहान पिशव्या लक्ष्यावर फेकायला शिकविले. एका गटाने फक्त ३ फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून केला, ३ फुटांवरून एकदाही नाही. शेवटी परीक्षा ३ फुटांवरूनच घेतली आणि तीत दुसरा गट सरस ठरला!

मैदानावरून वर्गात

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे जाऊ. 'करून शिकणारी' म्हणून तिला गणित येणार नाही, असे म्हणायला आधार नाही, हे आपण पाहिले. उलट मैदानावर जो नियम लागू पडतो, तोच गणितातही लागू पडतो.

२००७ साली डग रोहरर आणि केली टेलर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार निरनिराळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकविले. एका गटाने एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडविली, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून सोडविले. सरावाच्या वेळी सलग गटाची १०० पैकी ८९ उदाहरणे बरोबर आली आणि सरमिसळ गटाची अवघी ६०. पण एका आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलग गट २० वर घसरला आणि सरमिसळ गटाने ६३ मिळविले.

कारण उघड आहे. पुस्तकात 'उदाहरणसंग्रह ५' म्हटले की सारी उदाहरणे एकाच सूत्राची असतात. कोणते सूत्र वापरायचे हा प्रश्नच उरत नाही. परीक्षेत मात्र आधी तेच ओळखावे लागते. कबड्डीत चढाई करणारी मुलगी समोरची साखळी पाहून क्षणात ठरविते, आता बगल द्यायची की बोनस घ्यायचा. अनेक पर्यायांतून योग्य तो निवडणे तिला येतेच. गणितात त्याच निवडीचा सराव तिला मिळाला पाहिजे, इतकेच.

करून पाहा

हा प्रयोग तुमच्या शाळेच्या मैदानावर विनाखर्च करता येईल. निदान २० विद्यार्थी हवेत. जुन्या कापडाच्या लहान पिशव्या शिवून त्यांत चिंचोके किंवा वाळू भरा. सर्व पिशव्यांचे वजन सारखे ठेवा.

१. जमिनीवर चुन्याने एक ठिपका काढा. त्यापासून २, ३ आणि ४ मीटर अंतरावर तीन रेषा आखा.

२. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. 'चांगले खेळणारे एका गटात' असे मुळीच करू नका. नाहीतर प्रयोग फुकट जाईल.

३. प्रत्येकाने ज्या हाताने एरवी फेकत नाही त्या हाताने, खालून, एकूण ६० वेळा पिशवी फेकावी. पहिल्या गटाने प्रत्येक रेषेवरून सलग २० वेळा. दुसऱ्या गटाने प्रत्येक रेषेवरून २० वेळाच, पण चिठ्ठी निघेल त्या क्रमाने.

४. सराव संपताच प्रत्येकाला विचारा, "तीन दिवसांनी तुला किती चांगले जमेल?" १० पैकी गुण लिहून घ्या.

५. तीन दिवसांनी परीक्षा घ्या. तिन्ही रेषांवरून उलटसुलट क्रमाने १२ फेकी आणि त्यानंतर कधीच न केलेल्या साडेतीन मीटरवरून ४ फेकी. पिशवी ठिपक्यापासून किती सेंटिमीटर दूर पडली ते पट्टीने मोजा. मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नसावे.

६. दोन्ही गटांच्या अंतरांची सरासरी काढा आणि ती प्रत्येकाने केलेल्या अंदाजाशी ताडून पाहा.

निकाल या लेखात सांगितल्याप्रमाणे आला नाही तरी तो तसाच लिहून ठेवा. वीस जणांच्या प्रयोगात योगायोगाचा वाटा बराच असतो. हवा तो निकाल येईपर्यंत आकडे बदलणे याला विज्ञान म्हणत नाहीत. दुसऱ्या तुकडीवर प्रयोग पुन्हा करा आणि मग बोला.

शिक्षकमित्रांना एक विनंती. एखाद्या विद्यार्थ्यावर 'हा पाहणारा', 'ही करणारी' अशी चिठ्ठी चिकटविण्यापूर्वी त्याला एक गोष्ट तीन प्रकारे शिकवून पाहा: दाखवा, सांगा आणि करायला लावा. वर्गातल्या सर्वांनाच त्याचा लाभ होईल.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी अभ्यास करताना किंवा मैदानावर 'आज काहीच जमत नाही' असे वाटले, तर लगेच निराश होऊ नका. चार दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा करून पाहा. तुम्ही किती शिकलात, ते तेव्हाच कळेल.